फुई, तुझ्या लाहेला कोण कोण आलं

फुई, तुझी खाट मोडली. डोक्याकडून पाड्यातली माणसं ओढत होती, पायाकडून येशूच्या मंडळीतली. सुंभ ताणला गेला, कडाडकन एक पाय मोडला, त्यामागे दुसरा, आणि तू चादरीसकट घसरलीस. तुझं डोकं दगडावर आपटणार इतक्यात मी खाली हात घातला. बॅग अजून माझ्या पाठीवरच होती. तळोद्याहून मला आणणारा जीपवाला चढाच्या खालीच थांबला होता. "उतरी जाय भाऊ, मी वर येत नही. वर मारामारी चालू शे." मला वाटलं, पोरं भांडत असतील. मेलेल्या बाईवरून कोण मारामारी करतं?

तुझ्यावरूनच चालली होती. जिवंत होतीस तोवर दोघांनाही तू जड होतीस. तू येशूची झालीस म्हणून पाडा चिडलेला, आणि येशूची होऊनही पाड्याची राहिलीस म्हणून मंडळी चिडलेली. आता मात्र दोघं म्हणत होते, बाई आमची.

"लाहेत मेली ती!" पाड्यातला वेस्त्यादादा ओरडत होता. त्याच्या तोंडाला फेस आला होता. "माझ्या घरच्या लाहेत मेली. लाहेत मेलेलं माणूस गावाचं. गाव नेणार, ढोल वाजणार, दारूची धार पडणार!"

मंडळीचे पाळक खालच्या गावातून पिकअप घेऊन आले होते, आत मयताची रंगवलेली पेटी. त्यांच्या भुवईतून रक्त गळत होतं, चष्म्याची एक काच गेली होती. "बाप्तिस्मा घेतलेली बहीण आहे. कंपाउंडच्या आतल्या कबरस्तानात जाईल. तुमच्या दारूत नाही!"

इथे मी काम करतो त्या कारखान्यात मला विचारतात, लाह म्हणजे काय रे. कोणाचं घर उभं करायचं असतं, कोणाचं शेत निंदायचं असतं. मग घरटी एक माणूस येतो. मजुरी नाही. दुपारी त्या घरचं जेवण आणि मोहाची दारू. उद्या तुमच्या घरचं काम निघालं की तीच माणसं तुमच्या दारात. आपल्याकडे भिंती कुडाच्या आणि घरं लाहेची. एवढं सांगितलं की पुढचं कोणाला कळत नाही, आणि मीही सोडून देतो.

मी सातवीनंतर शाळा सोडली. आपण घरात बोलायचो ती बोली मला कागदावर धरता येत नाही, म्हणून या शाळेच्या मराठीत लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं. पण कोणी वाचून दाखवलं की तू मध्येच "खोटं!" म्हणून ओरडायचीस. आताही ओरड.

आई-बाप ऊस तोडायला गुजरातेत जायचे तेव्हा मला तुझ्याजवळ, बापाच्या बहिणीजवळ, टाकून जायचे. तू मला भाकर दिलीस आणि मार दिलास, दोन्ही पोटभर. मी शेजारच्यांच्या करडाला दगड मारून लंगडं केलं तेव्हा तू मला त्याच्याच खुंट्याला बांधलंस. संध्याकाळी सोडलंस आणि ते करडू माझ्या खांद्यावर टाकलंस. "बरं होईपर्यंत चरायला तूच नेणार. पाय तू तोडलास, पाय तू हो." शाळेत मला दया हा शब्द शिकवला तेव्हा मला तो खुंटा आठवला. हसू आलं, मास्तरांनी त्याबद्दलही मारलं.

तुझा नवरा, फुवा, दारू पिऊन तुला मारायचा. एके दिवशी तू मुसळ घेतलंस आणि त्याची नडगी फोडलीस. मरेपर्यंत तो लंगडत चालला आणि मरेपर्यंत तूच त्याला भरवलंस. तूही प्यायचीस तेव्हा. मग येशू आला आणि दारू सुटली. मंडळीत साक्ष द्यायला उठलेले लोक सांगतात, प्रभूने माझी दारू काढली, माझा राग काढला. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "दारू काढली. राग मी अजून दिला नाही." मागच्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

आणि तुझं पहिलं प्रभूभोजन! पाळकांनी छोट्या पेल्यात द्राक्षाचा रस दिला. सगळे डोळे मिटून पीत होते. तू पेला घेतलास, वाकलीस आणि ओठाला लावायच्या आधी दोन थेंब शेणाने सारवलेल्या जमिनीवर सोडलेस. आपल्याकडे पूर्वजांना दिल्याशिवाय कोण पितं? हात आपोआप गेला तुझा. पाळकांचा चेहरा पांढरा पडला. "हे काय केलंत गोमीबाई?" तू म्हणालीस, "बापाला. त्यालाही कधी मिळालं नव्हतं ना हे." पुढे कितीतरी महिने तुला भोजनापासून लांब बसवलं. तू दारात बसायचीस, उठून जायची नाहीस. आत गाणं चुकलं तर बाहेरून बरोबर सूर लावायचीस, मुद्दाम जोरात.

पाऊस गेला त्या वर्षी पाड्यातली माणसं काठ्या घेऊन प्रार्थनेच्या झोपडीवर आली. गावदेवाला सोडलेल्यांमुळे पाऊस गेला, असं कोणीतरी बोललं होतं. त्यांनी कूड फाडला, कौलं फोडली, पेटी-बाजा विहिरीत टाकला. मंडळीतले पुरुष मागच्या बाजूने पळाले. तू दारात आडवी उभी राहिलीस. वेस्त्यादादाची काठी तुझ्या डाव्या दंडावर बसली आणि हाड मोडलं. मग तू त्याच्या मनगटाला चावलीस. माणसं ओढत होती तरी सोडलं नाहीस. त्याच्या मनगटावर अजून खूण आहे, मी पाहिली.

पाळक म्हणाले, केस करा. मीही फोनवर ओरडलो, केस कर. तू म्हणालीस, "केस केली तर मला कोर्टाची जीप मिळेल. शेजारी मिळणार नाही."

तेव्हा मी सुखात होतो, फुई. टाइलच्या कारखान्यात पॅकिंगला, राहायला खोली, पंखा, चोवीस तास पाणी. माझं नाव दिलीप. कोणी धर्म विचारत नाही, मी सांगत नाही. रविवारी बसने प्रार्थनेच्या मोठ्या हॉलमध्ये जातो, तिथे गादीच्या खुर्च्या आहेत. गाण्याचे शब्द भिंतीवर दिसतात. मागे बसतो, संपलं की निघतो. कारखान्याला माझा येशू माहीत नाही आणि हॉलला माझा पाडा माहीत नाही. मला असंच बरं वाटायचं. कुठेच कोणी काठी घेऊन येत नव्हतं.

तुझा मोडका हात बांधलेला असताना मी तुला इकडे आणलं. कारखान्याजवळच्या डॉक्टरला दाखवलं. रविवारी हॉलमध्ये नेलं. तू गादीच्या खुर्चीत बसलीस आणि घोरायला लागलीस, मी तुला कोपर मारत होतो. बाहेर आल्यावर म्हणालीस, "झोप छान लागते इथे." खोलीवर आलो. पलीकडच्या खोलीत कोणीतरी खोकत होतं. तू विचारलंस, "कोण आहे तिथे?"

"असेल कोणीतरी. ओरिसाचा आहे वाटतं."

"नाव काय?"

"माहीत नाही गं."

"रात्री उशाला हात जोडून बसतोस ते कोणासाठी मग? पंख्यासाठी?"

मला राग आला. मी म्हणालो, फुई, इथेच राहा. इथे कोणी मारत नाही. तू म्हणालीस, "हो. इथे मारण्याइतकं कोणी जवळच येत नाही." आणि दुसऱ्या दिवशी बसच्या मागे लागलीस. या वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं. मला म्हणायचं होतं की जवळ येऊन हाड मोडणाऱ्या माणसांपेक्षा लांब राहून जगू देणारी माणसं बरी. देवाने माणसाला सुखाने जगावंसं वाटणं दिलंय, ते पाप नाही. मी हे अजूनही मानतो. पण बस सुटली.

मग वेस्त्यादादाने नवं घर बांधायला काढलं. लाहेचं बोलावणं घरोघर गेलं. तुझं दार वगळलं. तू फोनवर सांगितलंस, "उद्या जाते."

"बोलावलं नाही तरी?"

"तो विसरला असेल."

"फुई, त्याने तुझा हात मोडला!"

"म्हणून तर त्याला एक हात कमी पडेल ना, माझ्या घरचा."

पाळकांनीही तुला सांगितलं होतं की तिथे पूर्वजांना दारूची धार देतात, जाऊ नका. त्यांना म्हणालीस, धार पडताना मी आभाळाकडे बघेन. मी म्हणालो, स्वतःच्या जिवाचं सुख बघ जरा. तू म्हणालीस, "सुखाला काय बघायचं? ते काय पळून जातंय?" नेहमीसारखी हसलीस आणि फोन तुझ्याकडूनच बंद झाला.

पुढचं वेस्त्यादादाने सांगितलं. सागाचं आढं वर चढवत होते, दोन्हीकडे दोर. तू दोरावर होतीस, एका हाताने. त्याने तुला हाकललं, तू गेली नाहीस. त्याने शिवी दिली, तू मोठी शिवी दिलीस. सगळे हसले. मग वरची खोबण सुटली. आढं एका अंगाने खाली आलं आणि तुझ्या छातीवर पडलं. ते उचलायला माणसं धावली तोवर वेस्त्यादादाने नखांनी माती उकरून तुला बाहेर ओढलं होतं. त्याच्या दोन बोटांची नखं गेली. हेच हात आता अंगणात तुझ्या खाटेचा दांडा ओढत होते.

फुई, मी भित्रा माणूस आहे. भांडण दिसलं की मी मागच्या रांगेत जातो. पण त्या अंगणात मागची रांग नव्हती. तू माझ्या हातावर होतीस. एका पोराने पाळकांच्या माणसाला दगड मारला, त्या माणसाने त्याची मान धरली. बायका किंचाळत होत्या. आणि माझ्या लक्षात आलं, आता तुला पुन्हा उचलून ओढतील, आणि माझ्यासमोर तुझे तुकडे होतील.

मी तुला जमिनीवर ठेवलं. खाटेचा मोडका पाय उचलला आणि पिकअपच्या पत्र्यावर हाणला. पुन्हा हाणला. पत्रा वाकला. मग ढोल्याकडे वळलो, त्याच्या हातातली टिपरी हिसकावून लांब फेकली. सगळे गप्प झाले, कारण मला असं करताना कोणी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं.

"लाह!" मी ओरडलो. आवाज फाटला. "गोमीच्या घरची लाह! आत्ता! तिच्या शेताच्या बांधावर खड्डा खणायचा!"

कोणीतरी हसलं. "तू कोण रे? गादीवर झोपणारा."

"त्या घरात मीच उरलोय. ज्याचं घर त्याची लाह. प्रार्थना होईल, दारू नाही. जेवण मिळेल. यायचं त्याने या."

पण लाह अशी अंगणातून ओरडून बोलावत नाहीत. दारोदार जावं लागतं, एकही दार सोडून चालत नाही. आणि लाहेच्या दिवशी कोणी कोणावर हात उचलायचा नाही, एवढं सगळ्यांना पाठ आहे. म्हणून मी निघालो. ज्यांनी कूड फाडला त्यांच्याही दारात उभा राहिलो आणि म्हणालो, मी येशूचा आहे, माझ्या फुईचा खड्डा आहे, या. आयुष्यात पहिल्यांदा मी हे इतक्यांदा मोठ्याने बोललो. कारखान्यात एकदाही बोललो नव्हतो.

एक म्हणाला, "तुझ्या येशूलाच सांग ना खणायला, तीन दिवसांत उठवतो म्हणे." त्याच्या बायकोने त्याला आतून लाटणं फेकून मारलं. दुसऱ्या दारात म्हातारी म्हणाली, "माझा पोऱ्या येईल. मी येणार नाही. तुझ्या फुईने मला विहिरीवर झिंज्या धरून आपटलंय." मी म्हणालो, बरं आजी. "बरं काय? जेवायला येईन," ती म्हणाली. काही दारं आतून लागली. ती उघडलीच नाहीत. त्यांचा राग करायला तू नाहीस, मला नीट जमत नाही.

वेस्त्यादादाच्या दारात सर्वांत शेवटी गेलो. घर कुठलं, चार खांब आणि उघडं आभाळ. तो तिथेच बसला होता. मी बोलावणं दिलं. "तिचं दार मी मुद्दाम सोडलं होतं," तो म्हणाला. "विसरलो नव्हतो." मी म्हणालो, तिला माहीत होतं. त्याने पहार उचलली.

पाळक पिकअपजवळ उभे होते. मी त्यांनाही बोलावणं दिलं. ते म्हणाले, "दिलीप, तू त्यांच्या रिवाजाने ख्रिस्ती बाई पुरतोयस. याचा जाब तुला द्यावा लागेल." मी म्हणालो, देईन. आता खड्डा. त्यांच्याबरोबरची माणसं पेटी घेऊन निघून गेली. पाळक गेले नाहीत. त्यांनी बूट काढले, मोजे काढून आत नीट कोंबले आणि अनवाणी बांधावर आले.

बांधाखाली मुरूम लागला, मग काळा दगड. माणसं दगडावर अशी तुटून पडली जशी मघाशी एकमेकांवर पडली होती. पहारीच्या ठिणग्या उडत होत्या. कोणी बोलत नव्हतं, फक्त हुं, हुं. ज्याने पाळकांच्या चष्म्याची काच फोडली तो पोरगा खड्ड्यात त्यांच्या शेजारीच होता. पाळकांचे तळहात फुटले. पोराने त्यांच्या हातातून पहार ओढून घेतली आणि म्हणाला, "बाजूला व्हा साहेब, तिच्या उशाचा दगड तुमच्या घावाने फुटायचा नाही." मला वाटतं तो माफी मागत होता. नसेलही.

ढोल वाजवू का, असं ढोल्याने विचारलं. पाळकांनी मान हलवली, नाही. वेस्त्यादादाने मान हलवली, हो. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. फुई, तुला सांगतो, मला तिथून पळावंसं वाटलं. तुझा न्याय करायला मी कोण, शाळा सोडलेला. मी म्हणालो, "वाजव. प्रार्थना चालू असेल तेव्हा थांब." हे बरोबर होतं का? पाळक म्हणतात नाही. तू असतीस तर कोणाला मारलं असतंस, मला की त्यांना? अजून मी रोज दोन्ही बाजूंनी भांडतो आणि दोन्हीकडून हरतो.

सूर्य टेकायच्या आत तुला ठेवलं. पेटी नव्हती, तुझीच गोधडी होती. वेस्त्यादादा खड्ड्यात उतरला आणि तुझे पाय त्याने धरले, डोकं मी. पाळकांनी प्रार्थना केली. मग ढोल वाजला. तुझ्याच घरातली तूरडाळ आणि भात शिजवला. लाह ज्याची तो सर्वांत शेवटी जेवतो, म्हणून मी वाढत होतो. विहिरीवर मार खाल्लेली आजी तीनदा वाढून घेऊन गेली. दारू नव्हती, म्हणून काही जण शिव्या देत जेवले, पण जेवले.

उठताना वेस्त्यादादा म्हणाला, "लाह बोलावलीस. आता तूही बांधला गेलास. माझं घर अर्धं आहे." मी मान डोलावली. मला वाटलं, मोठं माणूस बोलतं तसं बोललं असेल.

काल त्याचा फोन आला. नवं लाकूड तोडून आणलंय, येत्या गुरुवारी लाह आहे. "तुझ्या दाराला बोलावणं देतोय. दार इथे आहे पण तू तिकडे आहेस, म्हणून फोन." मी सुपरवायझरकडे गेलो. तो म्हणाला, आत्ताच तर मयतीला जाऊन आलास, आता गेलास तर खोली दुसऱ्याला देईन, कामाचंही सांगता येत नाही. तो खोटं बोलत नाही. पंख्याखाली बसून मी खूप वेळ विचार केला. मला ही खोली आवडते, फुई. तुला सांगायला लाज नाही. मग मी जाऊन चावी देऊन आलो.

वेस्त्यादादाला उलटा फोन केला. सांगितलं, येतोय. दारू पिणार नाही. धार पडेल तेव्हा मी माझ्या देवाचं नाव घेईन, मोठ्याने घेईन. तो म्हणाला, घे, मी ढोल जोरात वाजवायला लावीन. मी म्हणालो, आढ्यावर चढायचं काम मला द्या.

तो एकदम ओरडला, "वर चढायचं नाही! समजलं? तू लांब उभा राहून माती कालव. त्या घरात एकच पोऱ्या उरलाय."

"मी चढणार, दादा."

"तंगडी तोडीन."

"तोडा. पण चढणार."

मग तो म्हणाला, "गोमीनेच वाढवलेला ना तू," आणि त्याने फोन ठेवला.